‘अक्षर’ या संज्ञेची मर्यादा
मराठीत ‘अक्षर’ हा एकच शब्द लिहिलेल्या अक्षरालाही वापरतात आणि एका स्वराभोवतीच्या उच्चारखंडालाही. गोंधळ इथेच सुरू होतो. ‘फरीदाबाद’ पाहा. युनिकोडमध्ये ८ चिन्हे, कागदावर ५ अक्षरे. उच्चारात मात्र फ-री-दा-बाद असे ४ खंड, कारण शेवटच्या ‘द’मधला ‘अ’ आपण उच्चारत नाही.

‘बदल’ आणि ‘बदली’ मोठ्याने म्हणा: ब-दल, पण बद-ली. लेखनात हा फरक दिसत नाही. अभंगाची ६-६-६-४ ही मोजणी लिखित अक्षरांची. गाताना हा ‘अ’ बहुधा उच्चारला जातो, म्हणून तिथे ती चालते. तीच मोजणी मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला दिली, तर अंध विद्यार्थ्याला ‘बद-ली’ऐवजी ‘ब-द-ली’ ऐकू येईल. तेव्हा प्रोग्राम लिहिण्याआधी उच्चारातले स्वर मोजा.