जयसिंगची नोकरी : 'कमला' नाटक पुन्हा वाचताना



6 जानेवारी जवळ आला, की आपल्याकडे पत्रकारितेवर भाषणं सुरू होतात. 1832 साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं, म्हणून हा पत्रकार दिन. या भाषणांमधून पत्रकाराला बहुधा दोनच गोष्टी ऐकवल्या जातात. एक, तू लोकशाहीचा चौथा स्तंभ आहेस. दोन, तू हल्ली विकला गेला आहेस. पण हा स्तंभ महिन्याकाठी किती पगार घेतो, किती तास उभा असतो, त्याला उद्या काढून टाकलं तर तो कुठे जातो, याची चौकशी फारसं कोणी करत नाही. आज आपण ती करू या, आणि तीही एका नाटकाच्या आधाराने. विजय तेंडुलकरांचं 'कमला', 1981 सालचं.

कथानक आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. जयसिंग जाधव हा दिल्लीतल्या इंग्रजी दैनिकाचा नावाजलेला पत्रकार. बायकांचा बाजार भरतो हे सिद्ध करण्यासाठी तो कमला नावाच्या आदिवासी स्त्रीला अडीचशे रुपयांना विकत घेतो, घरी आणतो आणि पत्रकार परिषदेत उभी करतो. त्याच वर्षी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अश्विनी सरीन यांची अशीच बातमी गाजली होती; नाटकाचं बीज तिथलं. जयसिंगची बायको सरिता. कमला तिला अगदी साधेपणाने विचारते, की तुम्हाला साहेबांनी केवढ्याला घेतलं? त्या प्रश्नाने सरिताचे डोळे उघडतात. म्हणून हे नाटक स्त्रीच्या गुलामगिरीचं, असं आपण शिकलो आणि शिकवतही आलो. ते बरोबरच आहे. पण नाटकात तिसराही एक गुलाम आहे, आणि त्याच्याकडे आपलं लक्ष कमी जातं. तो म्हणजे खुद्द जयसिंग.

आता गंमत बघा. नोकरीतलं समाधान मोजायचं ठरवलं, तर जयसिंगला पैकीच्या पैकी गुण मिळतील. घरात फोन सारखा वाजतो आहे, नाव झालं आहे, मालक खूश आहे, जिवाला धोका पत्करण्याची झिंग आहे. त्याला कोणी विचारलं असतं, बाबा रे, कामात सुखी आहेस का, तर तो हसला असता. आणि अखेरच्या अंकात मालक सिंघानिया शेठ त्याला एका झटक्यात काढून टाकतात, कारण त्या व्यवहारात बड्या लोकांचे हात गुंतलेले असतात.

म्हणजे समाधान होतं आणि स्वातंत्र्य नव्हतं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदत होत्या. ॲरिस्टॉटलने गुलामाला जिवंत अवजार म्हटलं आहे. अवजार कुरकुरलंच पाहिजे असं थोडंच आहे? चांगलं तेलपाणी केलेलं अवजार कुरकुरत नाही.

'कमला'च्याच वर्षी, 1981 मध्ये, ॲलिस्डेअर मॅकिंटायर या तत्त्वज्ञाचा 'आफ्टर व्हर्च्यू' हा ग्रंथ आला. योगायोगच, पण उपयोगी पडणारा. त्यात एक भेद आहे. कुठल्याही कामात काही लाभ आतले असतात, काही बाहेरचे. बुद्धिबळात चांगली चाल सुचण्याचा आनंद हा आतला. बक्षिसाची रक्कम बाहेरची. बाहेरचं तुम्हाला दुसरं काही करूनही मिळवता येतं. आतलं मात्र ते काम नीट केल्याशिवाय मिळत नाही. मॅकिंटायर पुढे म्हणतात, की कामाला संस्था लागतेच, पण संस्थेचा ओढा नेहमी बाहेरच्या लाभांकडे असतो.

ही पट्टी जयसिंगला लावून पाहू. कमलाला आपण कुठे नेतो आहोत, हे तो तिला सांगत नाही. पत्रकार परिषदेत तिला घाणेरडे प्रश्न विचारले जातात आणि तो ते घरी येऊन हसत सांगतो. काम झाल्यावर तिची रवानगी आश्रमात. बातमी शंभर टक्के खरी, पण ज्या माणसाची बातमी, तो माणूस त्याला दिसतच नाही. आतला लाभ त्याने घालवला आणि तो घालवल्याचं त्याच्या ध्यानातही आलं नाही.

इथपर्यंत तेंडुलकर अचूक आहेत. पण आमच्या मते नाटकाची एक बाजू लंगडी राहते. जयसिंगचे अपराध आणि त्याची शिक्षा यांचा एकमेकांशी संबंध नाही. त्याने कमलाला माणूस मानलं नाही, याबद्दल त्याला कोणीही शिक्षा करत नाही. शिक्षा होते ती त्याच्या बातमीतल्या खऱ्या भागाबद्दल. प्रेक्षक मात्र, बरी जिरली, असं मनात म्हणत नाट्यगृहाबाहेर पडतो. म्हणजे आपण नकळत शेठजींच्या बाजूने टाळी देऊन मोकळे होतो!

दुसरं असं, की जयसिंगच्या समोर काकासाहेब उभे केले आहेत. सरिताचे काका, जुन्या वळणाचे, भाषिक वृत्तपत्र चालवणारे. त्यांचं बोलणं आपल्याला पटतं, विशेषतः लोकांच्या भाषेत लिहा हे म्हणणं. पण काका स्वतःचं पत्र चालवतात. त्यांना काढणार कोण? नाटक दोन स्वभाव समोरासमोर ठेवतं. खरा फरक स्वभावाइतकाच मालकीचाही आहे, आणि तिकडे नाटक वळत नाही.

वळण्यासारखं पुष्कळ होतं. 1952 साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग नेमला गेला. त्याच्या अहवालानंतर 1955 मध्ये श्रमिक पत्रकारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. चार आठवड्यांत 144 तासांहून अधिक काम नको, म्हणजे आठवड्याला सरासरी छत्तीस तास. आठवड्यात चोवीस तासांची सलग विश्रांती. संपादकाला काढायचं तर सहा महिन्यांची नोटीस, इतर पत्रकारांना तीन महिन्यांची. वेतन मंडळाचा पहिला निर्णय 1958 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, कारण मालकांची देण्याची कुवत पाहिलेली नव्हती. पण कायद्याचा गाभा टिकला. 'कमला' येण्याच्या आदल्याच वर्षी पालेकर निवाडा आला होता. म्हणजे जयसिंगला कायद्याचं कवच होतं. रंगमंचावर मात्र तो निव्वळ एकटा पुरुष म्हणून कोसळतो. संघटना, कायदा, सहकारी यांतलं काही त्याच्या मदतीला येत नाही. कदाचित झगमगाटात वावरणाऱ्या पत्रकाराला आपण कामगार आहोत हे आठवतच नसावं. तसं असेल, तर तीच त्याची खरी शोकांतिका म्हणावी लागेल.

त्या कायद्यात एक कलम असं होतं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाने तिथे थांबायलाच हवं. 1962 च्या दुरुस्तीनंतर साध्या राजीनाम्यावर ग्रॅच्युइटी मिळायला दहा वर्षांची नोकरी लागे. पण सदसद्विवेकबुद्धीच्या कारणावरून राजीनामा दिला, तर तीन वर्षं पुरेशी होती. कामगार कायद्यात सदसद्विवेक! गिरणी कामगाराच्या किंवा कारकुनाच्या बाबतीत कायद्याला हा शब्द सुचला नाही. पत्रकाराच्या बाबतीत सुचला, कारण त्याच्या कामाचा मालच मुळी मत आणि सत्य हा आहे. आणि कायदा असंही जाणत होता, की विवेकाला पोट असतं.

आता आगरकर आठवा. 'केसरी'चे ते पहिले संपादक. टिळकांशी मतभेद झाले, 1887 मध्ये ते बाहेर पडले आणि 1888 मध्ये 'सुधारक' काढलं. विवेकापोटी दिलेल्या राजीनाम्याचं याहून मोठं उदाहरण मराठीत नाही. पण आगरकर फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत होते, हे आपण भाषणात गाळतो. पगार बेताचा होता, पण होता. बाळशास्त्रीही पुढे एल्फिन्स्टनमध्ये अध्यापन करत होते. ज्यांना आपण आदर्श म्हणून पुढे करतो, त्यांची चूल वृत्तपत्रावर पेटत नव्हती. आजच्या तालुक्याच्या वार्ताहराला आगरकरांचा बाणा मागताना, आगरकरांची दुसरी नोकरी त्याच्यापाशी आहे का, हे विचारायला नको?

या तालुका वार्ताहराची स्थिती पाहा. पुष्कळदा तो कर्मचारी नसतोच. तुटपुंजं मानधन, बातमीमागे काही रुपये, आणि खरी कमाई जाहिरातींच्या कमिशनवर. ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी त्याने मिळवायची, त्याच पुढाऱ्याच्या कारखान्यातल्या गैरव्यवहाराची बातमीही त्यानेच द्यायची. हे जमेल कसं? 2009 च्या निवडणुकांनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर बराच गदारोळ झाला. पण ज्याला पगारच जाहिरातीतून मिळतो, त्याच्या बाबतीत बातमी आणि जाहिरात यांच्यातली भिंत आधीच पाडलेली असते. ती त्याने पाडलेली नसते.

शहरातल्या डेस्कवरचं चित्र वेगळं, पण फार बरं नाही. मजिठिया मंडळाच्या शिफारशी 2011 मध्ये अधिसूचित झाल्या, 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या, 2017 मध्ये त्या कंत्राटी पत्रकारांनाही लागू असल्याचं स्पष्ट केलं. तीन वेळा जिंकूनही पगाराच्या पावतीपर्यंत तो विजय अनेकांच्या बाबतीत पोचला नाही. आता 1955 चा कायदाच 2020 च्या श्रमसंहितेत विलीन करण्यात आला आहे. श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत डिजिटल माध्यमं आली, हे चांगलं झालं. पण व्याख्येत बसणं आणि नेमणूकपत्र हाती पडणं यांत बरंच अंतर असतं.

तेव्हा पत्रकारांच्या समाधानाचा प्रश्न विचारताना, तुम्ही कामात सुखी आहात का, एवढं विचारून भागणार नाही. जयसिंग त्याला हो म्हणेल, आणि पुरवणी भरून दमलेला वार्ताहरही, पाहुण्यासमोर तक्रार नको म्हणून, हो म्हणेल. विचारायचं ते असं : गेल्या वर्षभरात जी बातमी द्यायला हवी होती, ती तुम्हाला देता आली का? आणि ती दिल्यावर पुढच्या महिन्याचं घरभाडं भरता आलं का? दोन्हीचं उत्तर हो असेल, तर त्या कामात समाधान आहे असं समजायला हरकत नाही.

सरिता नाटकाच्या शेवटी जयसिंगला सोडून जात नाही. आज तो कोसळला आहे म्हणून ती थांबते. पण एक दिवस आपण कुणाचीही गुलाम असणार नाही, हे ती पक्कं ठरवते. जयसिंग मात्र असं काहीच ठरवत नाही, कारण आपण गुलाम होतो हे त्याला अजून कळलेलंच नाही. 'कमला'चा नवा प्रयोग जो कोणी बसवेल, त्याने त्या शेवटच्या प्रवेशात सरिताबरोबर जयसिंगवरही थोडा प्रकाश ठेवावा, एवढी आमची विनंती.

इथे थांबू या. तुमचे प्रश्न असतील, तर ते जरूर घेऊ.