‘करण्यात आला’ आणि ‘म्हणे’ : ‘बटाट्याची चाळ’मधील शेजाराची भाषा

पु. ल. देशपांडे यांचे ‘बटाट्याची चाळ’ हे पुस्तक १९५८ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे लेखकाच्या एकपात्री प्रयोगामुळे ते वाचकांइतकेच प्रेक्षकांचेही झाले. या पुस्तकाविषयी जे लिहिले गेले त्याचा भर बहुधा दोन गोष्टींवर राहिला. एक, त्यातील शब्दनिष्ठ विनोद. दुसरी, लोपत चाललेल्या मध्यमवर्गीय जीवनाविषयीची हळहळ. दोन्ही निरीक्षणे खरी आहेत. परंतु त्यांत एक साधी गोष्ट निसटते. या पुस्तकातील माणसे सतत काहीतरी स्थापन करीत असतात. मंडळ, शिष्टमंडळ, चळवळ, सहल यांवाचून त्यांचा दिवस जात नाही, आणि जे स्थापन झाले त्याची वार्ता गॅलरीतून, जिन्यातून आणि नळावरून फिरत असते. ‘बटाट्याची चाळ’ हा शेजारातील स्वयंसेवेचा आणि शेजारातील वृत्तप्रसाराचा ग्रंथ आहे, या दृष्टीने त्याच्या भाषेकडे पाहिले, तर त्याचे गुण आणि त्याची मर्यादा ही दोन्ही अधिक स्पष्ट होतात.

बटाटे आडनावाच्या मालकाची ही चाळ कल्पित असली, तरी तिची माती गिरगावची आहे. गिरगावात चाळ ही केवळ राहण्याची सोय नव्हती. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. शांतारामाच्या चाळीच्या पटांगणात राजकीय सभा भरत. वर्गणी, पावतीपुस्तक, कार्यकारिणी, इतिवृत्त हे शब्द तेथील मुलांना पाढ्यांबरोबरच पाठ होत असावेत. यात कायद्याचाही भाग होता. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीशी बांधून टाकली. भाडेकरू हलेना आणि मालक दुरुस्ती करीना. तीच माणसे, त्याच भिंतीआड, दोन-दोन पिढ्या राहिली. समिती नेमण्यास लागणारा वेळ आणि समिती नेमण्यास लागणारी तक्रार, दोन्हींचा पुरवठा अखंड झाला.

अशा शेजारात बातमीची दोन व्याकरणे नांदतात. एक फलकाचे, म्हणजे सभेचे. ‘ठराव संमत करण्यात आला’, ‘आभार मानण्यात आले’ ही त्याची धाटणी. ‘-ण्यात येणे’ या रचनेत क्रिया निश्चित असते, तिचा काळही निश्चित असतो. कर्ता मात्र वाक्यातून उठून गेलेला असतो. दुसरे व्याकरण गॅलरीचे. ‘दुसऱ्या मजल्यावरच्यांचा मुलगा नोकरी सोडून आला म्हणे’ हे त्याचे साधे उदाहरण. येथे कर्ता मजल्यासकट हजर आहे. अनिश्चित आहे ती घटना, आणि वाक्याच्या शेवटी येणारे ‘म्हणे’ ती अनिश्चिती प्रामाणिकपणे नोंदवते. बोलणारा बातमी पोचवतो, पण तिची जामिनकी पत्करत नाही. फलकावर काय झाले ते कळते, कोणी केले ते कळत नाही. गॅलरीत कोणी केले ते कळते, झाले की नाही ते कळत नाही.

देशपांडे यांच्या विनोदाचे मर्म या दोन व्याकरणांच्या टकरीत आहे. चाळकरी गॅलरीतल्या विषयांना फलकाची भाषा चढवतात. ‘उपास’मध्ये एका गृहस्थाचे वजन कमी करण्याचा खासगी बेत पाहता पाहता सार्वजनिक होतो आणि प्रत्येक शेजारी त्यात तज्ज्ञाच्या अधिकाराने बोलू लागतो. ‘भ्रमणमंडळ’मध्ये सहलीला मंडळाचे रूप येते. विषय लहान आणि भाषा मोठी, ही विनोदाची जुनीच युक्ती आहे, असे कोणी म्हणेल. परंतु येथे मोठी भाषा कोठून आली हे महत्त्वाचे आहे. ती महाकाव्यातून आलेली नाही. ती वर्तमानपत्रातून, सभागृहातून आणि चळवळीतून आलेली आहे.

याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे ‘गच्चीसह – झालीच पाहिजे’ हे प्रकरण. संयुक्त महाराष्ट्र समिती १९५६ च्या फेब्रुवारीत स्थापन झाली, राज्य १ मे १९६० रोजी आले. पुस्तक निघाले त्या वेळी ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा हवेत होती आणि गोळीबारातील हुतात्म्यांचे दुःख ओले होते. अशा वेळी कुलूपबंद गच्चीसाठी त्याच घोषणेचा साचा वापरणे हे धाडस होय. शीर्षकाची रचना पाहण्यासारखी आहे. ‘मुंबईसह’च्या जागी ‘गच्चीसह’ आले. ‘संयुक्त महाराष्ट्र’ हे पद मात्र गाळले गेले आणि त्याच्या जागी केवळ एक रेघ राहिली. गाळलेल्या पदाचे लिंग क्रियापदात शिल्लक आहे : ‘झालाच’ नव्हे, ‘झालीच’. न उच्चारलेली ती स्त्रीलिंगी वस्तू चाळच असणार. चाळ तर पूर्वीपासून आहे. ती ‘झाली पाहिजे’ म्हणजे काय? मागणी गच्चीची असली तरी वाक्य चाळ होण्याचे आहे, विखुरलेल्या बिऱ्हाडांचा एक समाज होण्याचे आहे. चळवळीची थट्टा म्हणून जे वाचले जाते त्यात चळवळीची मूळ आकांक्षा अशी जपलेली आहे. हा अर्थ लेखकाने हेतुतः योजला की व्याकरणाने त्याला बहाल केला, हा प्रश्न गौण समजावा.

मुंबईपासून दूर, उमरग्यासारख्या गावी हे पुस्तक वाचले जाते तेव्हा त्याचा तोल थोडा बदलतो. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे हे गाव १९४८ पर्यंत निजामी राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले तेव्हा हा भाग द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि शेजारचे बसवकल्याण व आळंद म्हैसूर राज्यात गेले. गिरगावात सीमा ही सभेत ऐकण्याची गोष्ट होती. येथे ती सोयरिकीच्या आणि आठवडी बाजाराच्या वाटेवर आली. येथील वाचकाला ‘-सह’ या प्रत्ययाची थट्टा पुरेशी कळते, पण ती त्याला तितकी हलकी वाटत नाही.

भाषेच्या बाबतीत तर फरक अधिकच आहे. चाळीतील मंगेशरावांची कानडी वळणाची मराठी हा मुंबईच्या प्रेक्षकाला हशाचा हुकमी विषय होता. उमरग्यात मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू एकाच गल्लीत बोलल्या जातात. तेथे अशी मराठी बोलणारा हा शेजारी असतो, विनोदी पात्र नव्हे. आणि शेजाराच्या बातमीचे जे व्याकरण वर सांगितले ते या तिन्ही भाषांत एकच आहे. मराठीत ‘आला म्हणे’, कन्नडात ‘बंदनंते’, दखनीत ‘आया कते’. तिन्ही ठिकाणी ऐकीवपणाची खूण क्रियापदाच्या मागे, वाक्याच्या टोकाला बसते. सांगलीजवळच्या कुपवाड गावी गंपर्झ आणि विल्सन यांनी केलेल्या १९७१ च्या अभ्यासात शेजारी भाषांची वाक्यरचना एकमेकींजवळ कशी सरकते हे दाखवले गेले. त्याच जातीचे हे उदाहरण म्हणता येईल. उलट, फलकाची भाषा या तिन्हींमध्ये शाळेतून आणि कचेरीतून आलेली, म्हणून अधिक दूरची. ‘बटाट्याची चाळ’मध्ये उच्चारांची विविधता भरपूर आहे, परंतु फलकाची सत्ता एकाच मराठीकडे आहे, इतर बोलींनी हसवावे, ठराव मात्र तिनेच करावेत, अशी ही वाटणी आहे.

पुस्तकाची खरी मर्यादा येथून दिसू लागते. ‘करण्यात आला’ या रचनेची थट्टा करताना तिने लपवलेला कर्ता लेखक अर्धाच बाहेर काढतो. भाषण करणारा, ठराव मांडणारा, रुसून राजीनामा देणारा चिटणीस हे सगळे आपापल्या नावानिशी येतात. पण सतरंजी कोणी अंथरली, चहाच्या कपबशा कोणी विसळल्या, सहलीच्या दशम्या कोणी बांधल्या? चाळीतील स्त्रिया बहुतांशी आवाज म्हणून येतात, कार्यकर्त्या म्हणून क्वचित. स्वयंसेवेची टर उडवताना स्वयंसेवा म्हणजे बोलणेच, असा समज हे पुस्तक नकळत दृढ करते. त्याची लोकप्रियता मोठी असल्याने हा समजही मोठा झाला, आणि सार्वजनिक काम करणाराकडे गालातल्या गालात हसून पाहण्याची एक सुशिक्षित लकब मराठीत रुजण्यास त्याचा हातभार लागला असावा.

ही लकब सर्वत्र चालत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि तेव्हा उमरगा तालुक्यात असलेली सास्तूर, राजेगाव यांसारखी गावे कोसळली, तेव्हा पहिली वार्ता ‘म्हणे’नेच पोचली. दगडमातीच्या ढिगांतून पहिली माणसे शेजाऱ्यांनी काढली; पथके आणि बाहेरगावचे स्वयंसेवक नंतर आले. अशा प्रसंगांचे अहवाल पुढे लिहिले जातात ते ‘मदत पोचविण्यात आली’, ‘अन्नवाटप करण्यात आले’ या धाटणीने. त्या वाक्यांत थट्टेसारखे काही नाही, पण कर्ता तेथेही नाही. ‘करण्यात आला’ ही रचना चाळीत पोकळ मोठेपणा झाकते, येथे खरे श्रम झाकते. आणि देशपांडे यांच्या विनोदाला यांतले पहिलेच काम दिसले.

तरीही पुस्तकात एक जागा अशी आहे, जेथे ही मर्यादा ओलांडण्याची वाट उघडते. ‘काही वासऱ्या’ या प्रकरणात चाळकऱ्यांच्या रोजनिश्या आहेत. ‘वासरी’ हा संस्कृत ‘वासर’ म्हणजे दिवस यावरून आलेला भारदस्त शब्द. तो वापरण्यातच अर्धा विनोद आहे. परंतु रोजनिशी लिहिणाराला ‘करण्यात आले’ फार वेळ परवडत नाही. त्याला ‘मी’ म्हणावे लागते, आणि हा ‘मी’ प्रत्येक चाळकऱ्याच्या लेखणीत निराळा वाजतो. येथे फलकही नाही आणि गॅलरीही नाही. पुढे ‘एक चिंतन’मध्ये विनोद मागे सरतो आणि ओसरत्या चाळीविषयीची व्यथा पुढे येते, तिला बळ मिळते ते या निरनिराळ्या ‘मीं’मुळे. हे चिंतन भावविवश आहे, अशी तक्रार करता येण्यासारखी आहे. मात्र ती करणाराने वासऱ्या आणि चिंतन ही दोन प्रकरणे लागोपाठ वाचून पाहावीत.