पेशवाईवरील कादंबरीतील घर आणि घरकाम

१

मराठी ऐतिहासिक कादंबरीची चर्चा आजवर मुख्यतः दोन प्रश्नांच्या अनुषंगाने होत आली आहे. कादंबरीकार इतिहासाशी कितपत प्रामाणिक राहिला, हा पहिला प्रश्न. आणि इतिहासाच्या सामग्रीतून त्याने कलाकृती घडविली की केवळ रंजक पट उभा केला, हा दुसरा. वि. का. राजवाडे यांच्या 'कादंबरी' (१९०२) या निबंधापासून अद्भुतरम्य आणि वास्तव यांचा वादही या चर्चेला जोडला गेला आहे. या चर्चेचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. मात्र तिच्यात एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला. या कादंबऱ्यांतील नायक-नायिका ज्या वाड्यात वावरतात तो वाडा चालतो कसा? पाणी कोण भरते, दळण कोण दळते, पंगत उठल्यावर उष्टी कोण काढते, आजाऱ्याची वस्त्रे कोण धुते?

हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. कादंबरी म्हणजे खर्चाची वही नव्हे. तिने सर्व काही सांगावे अशी अपेक्षा बाळगणे गैर आहे, असा आक्षेप यावर घेता येईल. तो आक्षेप मान्यच आहे. परंतु येथे मुद्दा तपशिलाच्या अभावाचा नाही. रम्य ऐतिहासिक कादंबरी घरकाम सरसकट वगळत नाही. ती त्यातून निवड करते. ज्या कामाचा अर्थ प्रेम असा लावता येतो तेवढे काम ती नायिकेच्या हाती देते आणि उरलेले आपोआप होत असल्याचा आभास निर्माण करते. ही निवड या प्रकाराच्या रूपबंधाचाच भाग आहे आणि तिचे परिणाम वाटतात त्याहून दूरवर पोहोचतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

तुलनेसाठी इंग्रजीतील एक लोकप्रिय प्रकार पाहणे उपयुक्त ठरेल. तिसरा जॉर्ज राज्यकारभारास असमर्थ ठरल्यावर १८११ ते १८२० या काळात त्याच्या नावाने युवराजाने कारभार पाहिला. या कालखंडाला इंग्लंडच्या इतिहासात 'रीजन्सी' म्हणतात. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या त्या याच काळात. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी जॉर्जेट हेयर हिने 'रीजन्सी बक' (१९३५) आणि त्यानंतरच्या कादंबऱ्यांतून या काळाला रम्यकथेचे कायमचे नेपथ्य बनविले. पोशाख, घोडागाड्या, तत्कालीन बोली यांविषयी हेयरचा अभ्यास काटेकोर होता, हे तिचे टीकाकारही मान्य करतात. पण एवढ्या अभ्यासातून उभे राहणारे घर हे मुख्यतः दिवाणखान्याचे, नृत्यशाळेचे आणि न्याहारीच्या मेजाचे घर असते. तळघरातील स्वयंपाकघर तेथे सहसा विनोदापुरते येते.

ऑस्टिनची गोष्ट वेगळी आहे. तिचेही नोकर जवळजवळ मुकेच आहेत. परंतु घर पैशावर चालते हे ती क्षणभरही विसरत नाही. डार्सीचे उत्पन्न वर्षाला दहा हजार पौंड, हे वाचकाला त्याच्या स्वभावाच्या आधी कळते. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये (१८१३) पाहुणा आलेला कॉलिन्स जेवणाची स्तुती करतो आणि हा स्वयंपाक कोणत्या मुलीने केला, असे विचारतो. तेव्हा श्रीमती बेनेट दुखावतात. चांगला स्वयंपाकी ठेवण्याची आपली ऐपत आहे, मुलींचे स्वयंपाकघरात काही काम नसते, असे त्या त्याला ऐकवतात. या छोट्या प्रसंगात त्या समाजाचे एक सूत्र उघडे पडते: काम न करणे हीच प्रतिष्ठा. ऑस्टिन ते उघडे पाडते, म्हणूनच ती रम्यकथाकार ठरत नाही. जो बेकर हिच्या 'लाँगबोर्न' (२०१३) या कादंबरीने तेच घर मोलकरणीच्या बाजूने पाहिले. चिखल तुडवीत बहिणीला भेटायला जाणाऱ्या एलिझाबेथचा माखलेला परकर ऑस्टिनच्या वाचकाला तिच्या स्वतंत्र वृत्तीची खूण वाटतो. बेकरच्या कादंबरीत तो कोणीतरी हात सोलवटेपर्यंत घासायचा असतो. कथानक तेच, परकर तोच; फरक पडतो तो पाहणारी कोठे उभी आहे यामुळे.

३

इंग्लंडात रीजन्सी चालू असतानाच, १८१८ मध्ये, पेशवाई मावळली. त्याच वर्षी, आजचा वर्धा जिल्हा ज्या नागपूरच्या राज्यात मोडत होता तेथे, आप्पासाहेब भोसल्यांना पदच्युत केल्यावर अल्पवयीन तिसऱ्या रघूजीच्या नावाने बाकाबाई आणि रेसिडेंट जेंकिन्स यांच्या देखरेखीखाली कारभार सुरू झाला. म्हणजे शब्दशः रीजन्सी आमच्याकडेही होती. तथापि मराठी रम्य कादंबरीची ओढ प्रामुख्याने पुण्याच्या शनिवारवाड्याकडे राहिली. वि. वा. हडपांची 'कादंबरीमय पेशवाई', रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२), ना. सं. इनामदार यांच्या 'झेप', 'मंत्रावेगळा', 'राऊ' या कादंबऱ्या मराठी वाचकाच्या मनातील पेशवाई घडवीत गेल्या. त्यांत 'स्वामी'ला १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला आणि लोकप्रियताही अपूर्व लाभली.

पेशव्यांच्या घरव्यवस्थेविषयी कागदपत्रांची वानवा नाही. मुदपाकखाना, कोठी, जामदारखाना, फरासखाना अशी वाड्याच्या कामांची विभागणी होती. सवाई माधवरावाच्या १७८३ मधील लग्नाच्या बंदोबस्ताची याद प्रसिद्धच आहे. पाने कशी मांडावीत, रांगोळी कशी असावी, वाढप कोणत्या क्रमाने व्हावे, पाहुण्यांची सरबराई कोणी करावी, याच्या बारीकसारीक सूचना तीत आहेत. गोपिकाबाईने नातवाला पाठविलेले दिनचर्येचे उपदेशपत्रही याच जातीचे. राज्यकारभार आणि गृहकारभार यांच्यात आज आपण मानतो तशी भिंत त्या काळात नव्हती, हे या कागदांवरून ध्यानात येते. घर चालविणे हा तेथे राज्याच्या हिशेबाचा विषय होता.

आणि याच हिशेबात कुणबिणी आहेत. पेशवेकालीन कागदांत 'कुणबीण' हा शब्द शेतकरी स्त्री या अर्थाने नव्हे, तर विकत घेतलेली, बक्षीस दिलेली वा शिक्षा म्हणून सरकारजमा झालेली दासी या अर्थाने येतो. बदकर्माचा ठपका आलेल्या स्त्रीला कुणबीण करून किल्ल्यावर वा कोठीकडे कामास लावीत. दळण, कांडण, झाडलोट, सारवण ही कामे त्यांच्याकडे असत. त्यांची किंमत ठरे, खरेदी-विक्री होई, त्यांची मुलेही पुष्कळदा त्याच घराची मालमत्ता ठरत. ब्रिटिश हिंदुस्थानात गुलामगिरीचे कायदेशीर अस्तित्व १८४३ च्या पाचव्या कायद्याने संपले. म्हणजे शनिवारवाड्याच्या वैभवाच्या संपूर्ण काळात वाड्यातील पीठ या हातांनी दळलेले होते. सुधा देसाई, उमा चक्रवर्ती, सुमित गुहा यांच्या लेखनातून ही बाजू अभ्यासकांपुढे आलेली आहे. रम्य कादंबरीच्या पानांवर मात्र ती क्वचितच उतरली.

४

मग या कादंबरीतील घर कशाचे बनलेले असते? देवघरातील समई, तुळशीवृंदावन, कारंजे, विड्याचे तबक, पैठणीची सळसळ, शालू-शेल्यांचे रंग. वाचकाच्या डोळ्यांपुढे घर उभे राहते, पण ते नेहमी आवरलेले असते. ते आवरण्याची क्रिया आपल्याला दिसत नाही. पहाटवर्णनात भूपाळीच्या सोबतीला जात्याची घरघर ठेवण्याचा संकेत रूढ आहे. परंतु जाते ओढणारी स्त्री त्या वर्णनात येत नाही. नायकाला जाग आणणारा एक सुखद ध्वनी एवढेच त्या श्रमाचे रूप उरते. मर्जीतली दासी आणि विश्वासू खिदमतगार ही या प्रकारातील ठरलेली पात्रे. धन्याचे सुखदुःख तेच आपले सुखदुःख मानणे हा त्यांचा स्वभाव असतो. त्यांचा मोबदला, त्यांची दगदग, त्यांचे स्वतःचे घर यांचा उल्लेख सहसा येत नाही.

नायिकेच्या वाट्याला येणारे काम याउलट डोळ्यांत भरेल असे असते. ती पूजेची तयारी करते, विडा करून देते, ताटाशी बसून वारा घालते, आजाऱ्याच्या उशाशी जागते. या कृतींमध्ये एक साम्य आहे. त्या सर्व नायकाच्या सन्निध घडतात आणि त्याच्या नजरेसाठी घडतात. काम आणि प्रेम यांचे येथे पूर्ण तादात्म्य होते. म्हणून वाचकाला ते काम वाटतच नाही.

घरव्यवस्था कथानकात शिरते ती प्रेमाच्या आड येते तेव्हाच. 'राऊ'मध्ये सोवळ्याओवळ्याचे नियम नाट्यमय होतात, कारण मस्तानीला वाड्यात स्थान नाही. सोवळे ही केवळ भावनिक अडचण नसून कोणी कोठवर यायचे, कोणी काय शिवायचे हे ठरविणारी, श्रमांची जातवार व लिंगवार वाटणी करणारी यंत्रणा होती. मस्तानीवरील अन्यायाने व्यथित होणारा वाचक त्याच यंत्रणेने उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या इतरांकडे वळत नाही. रम्यकथा त्याला वळू देत नाही, कारण तिला एकच वियोग पुरेसा असतो.

साठोत्तर काळातील मध्यमवर्गीय वाचक स्त्रीला या घराची भूल का पडली असावी, हे समजण्यासारखे आहे. स्वयंपाक, धुणी, मुले, पाहुणे आणि पुष्कळदा नोकरी अशा ओझ्याखाली असलेल्या स्त्रीला ही कादंबरी दोन गोष्टी एकदम देत होती: कामाविना घर आणि दखल घेतले गेलेले काम. तिने केलेल्या दहा कामांपैकी एकाचीही घरात वाच्यता होत नसताना, पुस्तकात मात्र एक विडा साऱ्या आयुष्याला अर्थ देऊन जात होता. या वाचनसुखाला हसण्याचे कारण नाही. त्यात एक न बोललेली तक्रारच आहे.

५

मराठीत घरकामाचे साहित्य नाही असे मात्र म्हणता येणार नाही. जात्यावरची ओवी हेच मुळी घरकामातून जन्मलेले वाङ्मय. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रयत्नांतून संकलित झालेल्या ओव्यांची संख्या एक लाखावर जाते. कादंबरीत जे जाते पार्श्वध्वनी आहे ते ओवीत बोलणारीच्या हातात आहे. तेथे दळणारी स्वतः निवेदक आहे. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'त (१९१०) घरातील बायकांमधले ताणतणाव कामाच्या निमित्ताने उघड होतात. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये वडिलांचे सोवळ्याचे वेड आणि त्यापायी घरादाराला पडणारे धुण्याचे कष्ट विनोदाने, पण कोणतीही झालर न लावता सांगितलेले आहेत. काम हे काम म्हणून सांगितल्यानेही लेखन रसहीन होत नाही, याला याहून वेगळा पुरावा नको. तेव्हा ऐतिहासिक कादंबरीपुढे नमुने नव्हते असे नाही. तिने ते आपले मानले नाहीत.

६

आता या निवडीच्या परिणामांकडे वळू. 'स्वामी'चा शेवट थेऊरला होतो. क्षयाने खंगलेल्या माधवरावाचा १७७२ च्या नोव्हेंबरात मृत्यू आणि रमाबाईचे सहगमन या इतिहासातील घटना आहेत; त्या कादंबरीकाराने कल्पिलेल्या नाहीत. प्रश्न आहे तो वाचक त्या घटनेपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो याचा. विडा, पूजा, उशाशी जागरण या साखळीत प्रत्येक सेवेचा अर्थ प्रेम असाच लावण्याची सवय वाचकाला लागलेली असते. त्या साखळीची अखेरची कडी चिता असते आणि वाचक तेथेही थबकत नाही. जे घरकामाच्या बाबतीत झाले तेच मृत्यूच्या बाबतीत होते: स्त्रीच्या देहाला पडणारे कष्ट दृष्टीआड होतात आणि केवळ भाव उरतो. या कादंबरीवरील दूरदर्शन मालिका घरोघरी पाहिली गेली ती ज्या सुमारास, त्याच सुमारास, १९८७ च्या सप्टेंबरात, राजस्थानात देवराळा येथे रूपकंवर सती गेल्याची घटना घडली आणि सतीच्या उदात्तीकरणाविरुद्ध कायदा करावा लागला. या दोहोंत कार्यकारणसंबंध जोडणे हा अतिरेक होईल. पण उदात्तीकरण म्हणजे नेमके काय, ते कोणत्या वाङ्मयीन क्रियेने घडते, हे समजून घेण्यास 'स्वामी'चे वाचन मदत करते, एवढे निश्चित.

वर्धा जिल्ह्यातील वाचकाला या संदर्भात दुसऱ्या एका रुग्णशय्येची आठवण होणे स्वाभाविक आहे. गांधीजी १९३६ मध्ये शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहावयास आले. तेथील आश्रमात दळणे, झाडणे, स्वयंपाक, संडाससफाई ही कामे वाटून दिलेली असत. कुष्ठरोगाने ग्रस्त झालेल्या परचुरेशास्त्रींना तेथे आश्रय मिळाला आणि त्यांच्या अंगाला मालीश करण्याचे काम गांधीजी स्वतः करीत. येथेही शब्द 'सेवा' हाच आहे. या शब्दातही काम झाकण्याची शक्ती आहे आणि आश्रमातील स्त्रियांच्या वाट्याचे श्रम त्याखाली झाकले गेले नसतील असे म्हणवत नाही. तरीही एक भेद महत्त्वाचा आहे. येथे सेवेला वेळ आहे, पाळी आहे, तेल आहे, जखमा आहेत. ती कोणी केली ते नावानिशी माहीत आहे. थेऊरच्या कादंबरीतील शय्येभोवती दिसतो तो मुख्यतः एका पत्नीचा चेहरा.

ऐतिहासिक कादंबरीकाराने आश्रमाची दैनंदिनी लिहावी, असे सुचवायचे नाही. रमाबाईचे प्रेम खोटे होते, असेही नाही. सुचवायचे आहे ते एवढेच की, ज्या घरात प्रेम घडते ते घर कोणाच्या हातांवर उभे आहे, हे दाखविल्याने प्रेम उणे होत नाही. उलट ते माणसांच्या जगात येते. पेशव्यांच्या कागदांत त्या हातांची नोंद आहे, ओवीत त्यांचा आवाज आहे. मराठी कादंबरीने अद्याप त्या दोहोंची गाठ घालून दिलेली नाही. ती पडेल तेव्हा शनिवारवाड्याची कथा पुन्हा लिहावी लागेल आणि ती दिंडीदरवाज्यापासून नव्हे, कोठीपासून सुरू करावी लागेल.