यादी कुणी मागितली?

जेम्स डीट्झच्या पुस्तकाचं नाव एका यादीच्या तळाशी असलेल्या ओळीतून आलं आहे. सतराव्या शतकात मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर एखादा शेतकरी मेला, की कोर्टाच्या वतीने दोन-तीन शेजारी त्याच्या घरात शिरत आणि वस्तूंचा पंचनामा करत. गादी, किटली, कुदळ, गाय, प्रत्येकीपुढे किंमत. शेवटी उरायचं ते किरकोळ सामान. वेगळं लिहावं इतकं मोलाचं नसलेलं किंवा नजरेतून सुटलेलं. त्यासाठी एकच ओळ आणि एकच ढोबळ आकडा. ‘इन स्मॉल थिंग्ज फरगॉटन’ हे १९७७ सालचं पुस्तक त्या ओळीत कोंबलेल्या जगाबद्दल आहे.

डीट्झ पुरातत्त्वज्ञ होता. त्याचं म्हणणं साधं आहे. वसाहतकालीन अमेरिकेतल्या बहुतेक माणसांनी डायऱ्या लिहिल्या नाहीत. पण त्यांनी ताटल्या फोडल्या, हाडं फेकली, तंबाखू ओढली, थडगी उभारली. ते वाचायला शिका.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कुणीतरी वेगळ्याच कामासाठी साठवलेल्या लॉगमधून घडलेलं शोधणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे या पद्धतीच्या प्रेमात पडायला मला वेळ लागला नाही. मातीच्या पाइपांचंच बघा. हे पाइप स्वस्त होते, पटकन मोडायचे आणि लगेच फेकले जायचे. १९५४ मध्ये हॅरिंग्टन नावाच्या संशोधकाने त्यांच्या नळ्यांची भोकं मोजली. १६०० च्या आसपास भोक ९/६४ इंचाचं होतं. १७५० नंतर ते ४/६४ इंचावर आलं. १९६२ मध्ये लुईस बिनफर्डने त्यावर सरळ रेषेचं समीकरण बसवलं. तुकडे मोजा, सरासरी काढा, साल मिळवा. कॉलेजात शिकलेलं लिनिअर रिग्रेशन कुणाच्या तरी परसातल्या कचऱ्यावर चालताना पाहून मला खरंच आनंद झाला.

थडग्यांच्या दगडांचं प्रकरण याहून सुंदर आहे. न्यू इंग्लंडमध्ये आधी पंख असलेली कवटी कोरायचे, मग तिच्या जागी पंख असलेला बालदेवदूत येतो, मग अस्थिकलश आणि विलोचं झाड. प्रत्येक दगडावर साल कोरलेलं, त्यामुळे एक फॅशन कशी येते, वाढते, ओसरते याचा आलेखच काढता येतो.

इथून पुढे मात्र डीट्झ मोठी उडी मारतो. आधी दोघं मिळून एका लाकडी थाळ्यात जेवायचे. पुढे प्रत्येकाची ताटली वेगळी झाली. आधी खुर्ची घरधन्याची, बाकीचे बाकावर नाहीतर पेटीवर. पुढे प्रत्येकाला खुर्ची. घरंही सममित झाली, खोल्या वेगळ्या झाल्या. डीट्झच्या मते, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात माणसांच्या डोक्यातली रचनाच बदलली. समूह मागे पडला, व्यक्ती पुढे आली, आणि ताटली, घर, थडगं हे सगळं एकाच तालात बदललं.

हे वाचताना मान डोलते. मग शंका येते. पाइपाच्या नळीचं समीकरण बरोबर ठरतं, कारण ते पाइपाबद्दल आहे, ओढणाऱ्याच्या मनाबद्दल नाही. आणि तेही ठरावीक काळापुरतंच चालतं. अठरावं शतक संपत येतं तसं ते चुकायला लागतं. डीट्झला मात्र मनाचंही समीकरण हवं आहे. त्यासाठी ताटली हे तिच्या मालकाचं मन आहे, असं गृहीत धरावं लागतं. पण मालक कोण?

त्या काळच्या इंग्रजी कायद्यात लग्न झालेल्या बाईची मालमत्ता नवऱ्याची होई. म्हणून नवऱ्याच्या आधी मेलेल्या बायकांच्या याद्या जवळजवळ नाहीतच. किटली रोज घासली कुणी आणि यादीत ती कुणाच्या नावावर, यांची उत्तरं वेगळी आहेत. लॉरेल थॅचर उलरिकने ‘गुड वाइव्ह्ज’ (१९८२) मध्ये नेमकी ही फट पकडली. ती नवऱ्याची यादी घेते आणि त्यातल्या वस्तूंवरून बायकोचा दिवस उभा करते. कागद तोच, पण उलरिकला त्यात मालकी दिसत नाही, काम दिसतं. मला हे वाचन डीट्झच्या वाचनापेक्षा प्रामाणिक वाटतं.

याहून कठीण गोष्ट म्हणजे, याच याद्यांमध्ये गुलाम माणसंही आहेत. गाय, किटली, आणि एखादं पहिलं नाव, पुढे किंमत. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं, तर ही माणसं मालकाच्या कॉलममध्ये कधीच येत नाहीत, वस्तूंच्या कॉलममध्ये येतात. ‘सामान्य माणसाचं रोजचं जीवन’ हे शब्द इतक्या सहज वापरताना कुणाला सामान्य धरलं, हे विचारावंच लागतं.

म्हणून पुस्तकातलं सर्वांत महत्त्वाचं प्रकरण मला ‘पार्टिंग वेज’ वाटतं. प्लिमथजवळच्या या वस्तीत स्वातंत्र्ययुद्धात लढलेले चार काळे सैनिक राहत. त्यांतल्या केटो हाउला १७९२ मध्ये गावाने तिथली जमीन कसायला दिली. त्याचीही एक यादी आहे, पण ती मेल्यानंतरची नाही. पेन्शन हवं तर गरिबी सिद्ध करा, असा नियम होता. त्यासाठी जिवंतपणी केलेली. घर-जमीन काही नाही. एक गाय, एक डुक्कर, खुर्च्या, टेबल, थोडी भांडी.

नुसता कागद वाचला तर निष्कर्ष एकच: गरीब. खोदकामात मात्र वेगळं दिसलं. घराचं माप तिथल्या गोऱ्यांच्या १६ फुटांऐवजी १२ फुटांचं. वेस्ट इंडीजमधून आलेल्या मोठ्या बरण्या, ज्यांतून चिंच पाठवली जाई. डीट्झ इथे सावध होतो. हे फक्त दारिद्र्य नाही, आफ्रिकेतून आलेली राहण्या-खाण्याची रीतही आहे, असं तो म्हणतो. तालात बदलणारं एकच मन हा त्याचा सिद्धांत इथे त्याच्या कामाला येत नाही, आणि नेमकं इथेच माणसं दिसू लागतात. १९९६ च्या सुधारित आवृत्तीत त्याने आफ्रिकन-अमेरिकन जीवनावरचा मजकूर वाढवला, म्हणजे ही उणीव त्यालाही जाणवली असावी.

मागे एका सर्वेक्षणाच्या अ‍ॅपसाठी मी टेबल बनवलं होतं. ‘कुटुंबप्रमुखाचं नाव’ सक्तीचं, बाकीच्यांसाठी फक्त ‘सदस्यसंख्या’. कुणीच आक्षेप घेतला नाही. मलाही काही खटकलं नाही. केटो हाउची यादी वाचताना ते टेबल आठवलं. उद्या कुणी त्यावरून त्या घरांचं रोजचं जीवन शोधायला बसलं, तर त्याला एक नाव मिळेल आणि एक आकडा. तो आकडा मी ठेवला.

पुस्तक जरूर वाचा. आणि जमलं तर ‘पार्टिंग वेज’पासून सुरुवात करा. मग मागे येऊन थडग्यांचे आलेख बघितलेत, तर ते थोडे वेगळे दिसतील.