‘आयनद्रायू’ ही संज्ञा : एक परीक्षण

आयनीभूत वायूच्या एका विशिष्ट अवस्थेस ‘प्लाझ्मा’ हे नाव अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘घडविलेली वस्तू’ एवढाच असून पदार्थाच्या घटकांविषयी तो काहीच सांगत नाही. मराठी विश्वकोशातील ‘आयनद्रायू’ ही संज्ञा मात्र घटकाचे नाव घेऊनच पुढे येते. ‘द्रव’ आणि ‘वायू’ यांच्या संयोगाने सिद्ध झालेला ‘द्रायू’ हा शब्द सुटसुटीत आहे, याविषयी वाद नाही. प्रश्न आहे तो पूर्वपदाचा.

पारिभाषिक संज्ञेची खरी कसोटी कोशात नव्हे, तर व्यवहारात लागते. अवकाशयानांचे विद्युत् प्रणोदन हे असे एक क्षेत्र होय. १९९८ मध्ये सुटलेल्या ‘डीप स्पेस-१’ यानाच्या यंत्रात ऋणाग्रातून निघालेले इलेक्ट्रॉन झेनॉनच्या अणूंवर आदळत व प्लाझ्मा तयार होई. त्यात आयन, इलेक्ट्रॉन आणि उदासीन अणू एकत्र नांदतात. एकंदर विद्युत्-भार जवळजवळ शून्य असतो. पुढे विद्युत्-भारित जाळ्या त्यातून केवळ आयन ओढून वेगाने बाहेर फेकतात. यानावर ऋण भार साठू नये म्हणून दुसऱ्या ऋणाग्रातून त्या झोतात इलेक्ट्रॉन सोडावे लागतात. म्हणजे जाळीच्या अलीकडे प्लाझ्मा आणि पलीकडे आयनांचा झोत, असा हा भेद आहे. ‘आयनद्रायू’ म्हटले की तो पुसट होतो आणि दुसऱ्या ऋणाग्राचे प्रयोजन विद्यार्थ्यास उमगत नाही.

हॉल-प्रणोदकात जाळ्या नसतात; चुंबकीय क्षेत्रात अडकून फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळेच तेथे प्रवेगकारी विद्युत् क्षेत्र टिकते. २००३ मध्ये सुटलेल्या जपानी ‘हायाबुसा’ यानाने सूक्ष्मतरंगांनी इलेक्ट्रॉनांना ऊर्जा देऊन प्लाझ्मा निर्माण केला. इलेक्ट्रॉनांना ऊर्जा कशी पुरवावी, यावरूनच या प्लाझ्मा-जनित्रांचे मुख्य प्रकार पडतात. ज्या घटकावर वर्गीकरण उभे आहे, तोच संज्ञेतून गळावा, हा तर्कशास्त्राच्या भाषेत अव्याप्तीचा दोष होय.

यावर असा आक्षेप संभवतो की, रूढीने अर्थ स्थिरावतो. ‘पंकज’ म्हणताना चिखल कोणास आठवतो? आक्षेप रास्त आहे. परंतु रूढी लाभण्यास शब्द पिढ्यान्‌पिढ्या मुखी असावा लागतो. नवी पारदर्शक संज्ञा विद्यार्थी फोडूनच वाचतो, आणि फोड अपुरी असेल तर समजही अपुरी राहते.

संस्कृतोद्भव घटकांतून शब्द घडविण्याची परंपरा त्याज्य नाही. ‘ऋणाग्र’ हा शब्द तिचे यश सांगतो. परंतु जेथे परका शब्द अर्थाच्या बाबतीत तटस्थ आहे आणि देशी शब्द अर्धेच सत्य सांगतो, तेथे ‘प्लाझ्मा’ स्वीकारणे हा मराठीचा पराभव नव्हे. अभ्यासग्रंथांत ‘प्लाझ्मा’ आणि ‘आयन-झोत’ या दोन संज्ञा काटेकोरपणे वेगळ्या ठेवल्या जाव्यात, हेच इष्ट.