प्रश्न कोणत्या भाषेत विचारला? : सामाजिक शास्त्रांच्या सामग्री-ग्रंथपालांच्या संघाचे कार्य

सामाजिक शास्त्रांच्या ग्रंथपालाचे काम केवळ छापील ग्रंथांपुरते मर्यादित राहिलेले नाही, ही गोष्ट आता निराळी सांगावयास नको. विसाव्या शतकाच्या मध्यापासून नमुना-पाहण्यांची संख्या वाढली, त्यांतील उत्तरे पंचकार्डांवर व पुढे संगणकाच्या फितींवर साठविली जाऊ लागली, आणि एकदा गोळा केलेली सामग्री दुसऱ्या अभ्यासकाला पुन्हा वापरता यावी अशी गरज निर्माण झाली. या गरजेतून 1960 मध्ये कोलोन येथे, 1962 मध्ये मिशिगन विद्यापीठात व 1967 मध्ये एसेक्स विद्यापीठात सामग्रीचे संग्रह उभे राहिले. हे संग्रह सांभाळणाऱ्यांना ग्रंथपालनाचे जुने नियम पुरेसे पडेनात. अशा मंडळींनी 1974 मध्ये टोरोंटो येथे 'सामाजिक शास्त्रांतील माहितीसेवा व तंत्र यांसाठीचा आंतरराष्ट्रीय संघ' स्थापन केला. 'आयासिस्ट' या संक्षिप्त नावाने तो ओळखला जातो. 2024 मध्ये त्यास पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्याच्या कार्याचे भाषाशास्त्राच्या दृष्टीने परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम या कार्याचे श्रेय मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. वार्षिक परिषद भरविणे व त्रैमासिक चालविणे ही कामे कोणताही व्यावसायिक संघ करतो. या संघाचे वैशिष्ट्य असे की, ज्या वस्तूला ग्रंथालयात नावच नव्हते तिला त्याच्या सभासदांनी नाव व स्थान मिळवून दिले. पाहणीच्या सामग्रीला मुखपृष्ठ नसते, लेखक कोणास म्हणावे हे ठरलेले नसते, आणि तिच्या आवृत्त्या नकळत बदलत असतात. अशा सामग्रीची तालिका-नोंद कशी करावी याविषयीचे सू डॉड यांचे मार्गदर्शक पुस्तक अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने 1982 मध्ये प्रसिद्ध केले. शोधनिबंधात ग्रंथाचा निर्देश करतात तसाच सामग्रीचाही निर्देश करावा, हा आग्रहही याच वर्तुळातून सातत्याने धरला गेला. पुढे 1995 मध्ये मिशिगनच्या पुढाकाराने सामग्रीच्या वर्णनाचा एक सामाईक आराखडा आखण्याचे काम सुरू झाले व 2000 मध्ये त्याचे पहिले रूप प्रसिद्ध झाले. त्यातही या व्यवसायातील मंडळींचा वाटा मोठा होता. एखाद्या संशोधकाने काढलेला निष्कर्ष दुसऱ्याला आज ताडून पाहता येतो, याचे बरेचसे श्रेय या अप्रसिद्ध परिश्रमांना आहे.

असे असूनही या कार्यात एक उणीव राहून गेली आहे, आणि ती किरकोळ नाही. सामग्री कोणी गोळा केली, केव्हा केली, नमुना कसा निवडला, कोणत्या अंकाचा अर्थ काय, या सर्वांची नोंद ग्रंथपाल कसोशीने करतात. परंतु प्रश्न प्रत्यक्षात कोणत्या भाषेत व कोणत्या शब्दांत विचारला गेला, या नोंदीला तितके महत्त्व दिले गेलेले नाही. संघाच्या परिषदा प्रामुख्याने उत्तर अमेरिका व युरोप या खंडांत भरत आल्या आहेत व त्यांचा व्यवहार इंग्रजीत चालतो. जेथे छापील प्रश्नावलीची भाषा व उत्तर देणाऱ्याची भाषा बहुधा एकच असते, तेथे हा प्रश्न डोळ्यांत भरत नाही. जेथे एका जिल्ह्यातच तीन-चार बोली नांदतात, तेथे मात्र तो पहिलाच प्रश्न ठरतो.

मराठीतील तीन साधी उदाहरणे पाहू. आपल्या जनगणनेत व बहुतेक पाहण्यांत मोजणीचा घटक ठरतो तो सामान्यतः एकत्र राहणाऱ्या व एका स्वयंपाकघरातील अन्न खाणाऱ्या व्यक्तींचा समूह. या घटकास मराठीत 'कुटुंब' म्हणतात. परंतु बोलीत 'कुटुंब' या शब्दाचा 'पत्नी' असाही अर्थ आहे, आणि एरवी कुटुंब म्हटले की मुंबईस नोकरीला असलेला भाऊही त्यात धरला जातो. व्याख्येतील कल्पनेला आपल्या भाषेत खरा जवळचा शब्द आहे तो 'चूल'. 'वेगळी चूल मांडणे' याचा अर्थ कोणासही समजावून द्यावा लागत नाही. 'कुटुंबात किती माणसे?' आणि 'एका चुलीवर किती जण जेवता?' या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच घरात निराळी येऊ शकतात.

दुसरे उदाहरण 'मुले' या शब्दाचे. व्याकरणाने तो नपुंसकलिंगी 'मूल' या शब्दाचे अनेकवचन आहे व त्यात मुलगे व मुली दोन्ही येतात. तथापि 'मुले आणि मुली' असा प्रयोग आपण रोज करतो, म्हणजे 'मुले' हा शब्द 'मुलगे' या अर्थीही रूढ आहे. 'मुले किती?' या प्रश्नास 'दोन' असे उत्तर आले, तर त्यात मुली धरल्या आहेत की नाहीत हे केवळ अंकावरून सांगता येणार नाही.

तिसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. ग्रामीण स्त्रीस 'तुम्ही कामाला जाता का?' असे विचारले, तर तिला तो प्रश्न मजुरीविषयी वाटतो, कारण 'कामाला जाणे' याचा रूढ अर्थच दुसऱ्याकडे मोलाने काम करणे असा आहे. घरच्या शेतात खुरपणी करणारी, जनावरांचे चारापाणी पाहणारी स्त्री सहजपणे 'नाही, घरीच असते' असे उत्तर देईल. ती रानात जाते. कामाला जात नाही. तिचे उत्तर खरे असते, नोंदही प्रामाणिक असते, आणि तरीही सामग्रीत ती काम न करणारी म्हणून जमा होते. स्त्रियांच्या श्रमसहभागाविषयी आज मोठे वाद चालू आहेत. त्या वादांतील आकड्यांमागे कोणते क्रियापद होते हे कळल्याखेरीज त्यांचा निर्णय कसा लागावा?

यावर असा आक्षेप घेता येईल की, प्रश्नांची भाषा ही पाहणी करणाऱ्याची जबाबदारी आहे. जे ग्रंथपालाच्या हाती आलेच नाही त्याची नोंद तो कोठून करणार? आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. वर उल्लेखिलेल्या आराखड्यात प्रश्नाच्या शब्दशः मजकुरासाठी व अन्वेषकास दिलेल्या सूचनांसाठी स्वतंत्र जागा आहे, आणि मजकुराची भाषा दर्शविण्याची सोयही आहे. म्हणजे साधन उपलब्ध आहे. त्याचा उपयोग करण्याची शिस्त तेवढी लागावयाची आहे. ही शिस्त अशक्य नाही, याचे दाखलेही आहेत. 2002 पासून चालू असलेल्या युरोपीय सामाजिक पाहणीत प्रश्नावलीच्या अनुवादाची, त्याच्या तपासणीची व निर्णयांच्या नोंदीची पद्धत ठरलेली आहे, आणि देशोदेशींच्या मूळ प्रश्नावल्या अभ्यासकास पाहावयास मिळतात. अनेक देशांत झालेल्या लोकसंख्या व आरोग्यविषयक पाहण्यांच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात प्रश्नावलीची भाषा, मुलाखतीची भाषा, उत्तर देणाऱ्याची मातृभाषा आणि दुभाष्याचे साहाय्य घेतले की नाही, हे चार मुद्दे स्वतंत्रपणे नोंदविण्याचा प्रघात पडला. या चार रकान्यांना खर्च फारसा नाही. मात्र त्यामुळे पुढील अभ्यासकाच्या हाती परीक्षणाचे साधन येते.

मूळ शब्द व अंतिम आकडा यांमध्ये किती मोठे अंतर असू शकते, हे 2011 च्या जनगणनेवरून कळते. लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली निरनिराळी नावे 19,569 होती. छाननीनंतर त्यांतून 1,369 मातृभाषा निश्चित करण्यात आल्या, आणि दहा हजारांहून अधिक भाषकांच्या मातृभाषांचे गट पाडून 121 भाषा मांडण्यात आल्या. अशी छाननी अपरिहार्य असते, व येथे तिची माहिती तरी अहवालात दिलेली आहे. बहुसंख्य लहान पाहण्यांत लोकांनी उच्चारलेला शब्द अंकाच्या पहिल्याच पायरीवर नाहीसा होतो.

म्हणून या संघाकडून आणि त्याच्या धर्तीवर आपल्याकडे काम करणाऱ्यांकडून तीन गोष्टींची अपेक्षा आहे. सामग्री स्वीकारताना प्रत्यक्ष वापरलेल्या भाषेतील प्रश्नावली मागून घ्यावी. तिचा इंग्रजी अनुवाद हा तिचा पर्याय मानू नये. मुलाखतीची भाषा व दुभाष्याचा वापर यांची नोंद असावी. आणि ही माहिती मिळाली नसेल तर तसे नोंदीत स्पष्ट लिहावे. रिकामा रकाना पाहून वाचक निश्चिंत राहतो. 'माहिती नाही' हे शब्द त्यास सावध करतात.

ही अपेक्षा केवळ परदेशस्थ ग्रंथपालांकडून करणे न्याय्य होणार नाही. आपल्या विद्यापीठांतून मराठीत प्रश्न विचारून इंग्रजीत प्रबंध लिहिले जातात, आणि पुष्कळदा परिशिष्टात छापली जाते ती इंग्रजी प्रश्नावली. उत्तर देणाऱ्याने जी कधी ऐकलीच नाही अशी ती प्रश्नावली असते. सामाजिक शास्त्रांचे विभाग, विद्यापीठाचे ग्रंथालय व भाषाशास्त्राचा विभाग यांनी मिळून एवढा एक नियम जरी घातला की, मूळ मराठी, अहिराणी वा गोंडी प्रश्नावलीवाचून प्रबंध दाखल करून घ्यावयाचा नाही, तरी पुढील पिढीच्या अभ्यासकांची मोठी सोय होईल.