खाशाबांची कुस्ती कुठे गेली?

मंडळी, आजच्या पत्रिकेवर विषय छापलाय ‘खाशाबा जाधव : एक उपेक्षित वीर’. त्यातल्या पहिल्याच विशेषणाशी माझं भांडण आहे. उपेक्षा झाली, याबद्दल वाद नाही. पण आपण ती इतकी वर्षं, इतक्या मनापासून सांगत आलो की माणसाची कुस्ती सांगायची राहूनच गेली.

कथा तुम्हाला पाठ असेल. कराडजवळच्या गोळेश्वरचा मुलगा, जन्म १५ जानेवारी १९२६. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकला. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तर प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. जुलै १९५२ मध्ये बँटमवेट गटात कांस्य मिळालं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं, लिएंडर पेसचं. मध्ये ४४ वर्षं! गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढली. १९५५ साली ते पोलिसात फौजदार झाले. पुढे निवृत्ती, पेन्शनसाठी झगडा, आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघाती मृत्यू. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर. पद्म नाहीच. (जाता जाता, १९५२ साली महाराष्ट्र राज्यच नव्हतं. कराड मुंबई राज्यात होतं आणि आपलं मंठा हैदराबाद राज्यात. तेव्हा ‘महाराष्ट्राचं पदक’ म्हणताना आपण जरा दमानं घ्यावं.)

आता मला सांगा, एवढं सगळं ऐकल्यावर तो माणूस लढायचा कसा, हे तुम्हाला कळलं का? उभा कसा राहायचा, पहिली पकड कुठे घ्यायचा? ढाक हा त्यांचा हातखंडा डाव, एवढं लिहिलेलं सापडतं. ढाक म्हणजे काय, हे इथे मागे फेटा बांधून बसलेल्या मंडळींना सांगायला नको. समोरच्याची मान काखेत आवळायची, अंग वळवायचं आणि त्याच्याच वजनानं त्याला खाली आणायचा. बुटक्या, हलक्या अंगाच्या मल्लाला हा डाव शोभतो, कारण त्यात ताकदीपेक्षा वेळ साधावी लागते. पण हा जमिनीवर घाव घालणारा डाव मातीतून गादीवर नेताना त्यांनी त्यात काय बदल केला? या प्रश्नावर आपल्याकडे एक धड परिच्छेद नाही.

आणि माझ्या मते त्यांचं मोठेपण नेमकं तिथे आहे. मातीत घड्याळ नसतं. पाठ लागली की कुस्ती निकाली, नाहीतर बरोबरीत सोडवायची. गादीवर वेळ ठरलेली, पंच तिघे, आणि त्या काळी उणे गुण साठत जाऊन मर्यादा ओलांडली की पैलवान बाहेर. खाशाबा १९४८ साली लंडनला गेले ते फ्लायवेटमध्ये, मोठ्या स्पर्धेत गादीवर असे पहिल्यांदाच, आणि सहावे आले. चार वर्षांनी वजनाचा वरचा गट घेऊन तिसरे. हे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाणं आहे, तेही ऐन पंचविशीत. माझ्या आयुष्यातली बरीच वर्षं ग्रीक आणि जर्मन विचार मराठीत आणण्यात गेली, त्यामुळे या कष्टाची मला थोडी कल्पना आहे.

उलट आपण काय सांगतो? ‘सुवर्ण हुकलं.’ नियमाप्रमाणे दोन लढतींमध्ये अर्धा तास विश्रांती हवी होती, ती मिळाली नाही, हक्क मागायला भारतीय अधिकारी जागेवर नव्हते, आणि सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयॉव्हशी थकलेल्या अंगानं लढावं लागलं, असं सांगतात. अन्याय झाला असेल. पण ‘विश्रांती मिळाली असती तर’ या वाक्याला तर्कशास्त्रात खरं-खोटं ठरवायची सोय नसते. शिवाय जपानचा शोहाची इशी उरतोच. त्यानंही खाशाबांना हरवलं होतं आणि सुवर्ण त्यानं नेलं. त्या हेलसिंकीत जपानला मिळालेलं ते एकमेव सुवर्ण. इशी चांगला होता, असं म्हटलं की खाशाबा लहान होत नाहीत. त्याच्यासमोर उभं राहणं म्हणजे काय, ते कळतं.

बॉक्सिंगचं उदाहरण घ्या. जो लुईसचं आयुष्य कमी दुःखाचं नव्हतं. इतकी वर्षं जगज्जेता, आणि शेवटी करांच्या थकबाकीत बुडून लास व्हेगासच्या कॅसिनोत पाहुण्यांचं स्वागत करायची नोकरी. पण १९३८ साली त्यानं मॅक्स श्मेलिंगला पहिल्याच फेरीत कसं आडवं केलं, त्याची चित्रफीत आहे, आणि लोक ठोशागणिक तपशील सांगतात. दारिद्र्य त्याच्या लढतीला गिळू शकलं नाही. आपल्याकडे गाण्याची समीक्षा शंभर वर्षांची. कोणता गवय्या कोणत्या स्वरावर कसा थांबला, यावर लेख आहेत. कुस्तीवर मात्र निकाल, इनाम आणि हारतुरे. शब्द नाहीत म्हणावं, तर तालमीत शब्दांचा खच पडलाय: पट, कलाजंग, धोबीपछाड. ते छापखान्यापर्यंत आले नाहीत इतकंच. का आले नाहीत? लिहिणारे तालमीत गेले नाहीत आणि तालमीतल्यांना कुणी विचारलं नाही. यात जात-वर्गाचा भाग मोठा आहे, आणि आम्हा प्राध्यापकांचा आळसही.

म्हणून पद्म मिळावं या मागणीला माझा विरोध नाही, पण तिच्यात मला फारसा रस नाही. २०१७ साली त्यांच्या कुटुंबीयांनी पदकाचा लिलाव करू, असं जाहीर केलं. कशासाठी? गोळेश्वरला कुस्तीचं केंद्र उभं राहावं म्हणून. वर्तमानपत्रांनी त्याचीही करुण बातमी केली. मला ती सगळ्या गौरवलेखांपेक्षा शहाणी वाटली. मान मागण्याऐवजी घरच्यांनी आखाडा मागितला होता.

आता इथलंच बोलतो. आपल्या जत्रांत नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या कुस्तीपर्यंत पाहिलेली, ऐंशी ओलांडलेली माणसं या तालुक्यात आहेत. त्यातली तिघं-चौघं आज या मांडवात बसलीयत. व्याख्यानमालेकडे ध्वनिमुद्रणाची सोय आहेच. पुढच्या वर्षी माझ्याऐवजी त्यांना इथे बसवा आणि एकच विचारा: दादा, ढाक मारताना डावा पाय कुठे ठेवायचा?